डब्यापूर्वी ताटाचा हिशेब

घरातील मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, व्यायामशाळेत जाऊ लागला, की दोन-तीन महिन्यांत स्वयंपाकघराच्या फळीवर एक मोठा काळा डबा येऊन बसतो. डब्यावर पिळदार दंडाचे चित्र असते, किंमत दोन-तीन हजारांच्या घरात असते आणि आईच्या मनात दोन प्रश्न असतात. ही पावडर दिली नाही तर पोराला काही कमी पडेल का? आणि दिली तर त्याची मूत्रपिंडे बिघडतील का? हे दोन्ही प्रश्न माझ्या दवाखान्यात आता इतक्या नित्यनेमाने विचारले जातात, की त्यांचे सविस्तर उत्तर एकदा लिहून काढावे असे वाटले. ते 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही; मुलाच्या ताटात आज काय पडते आहे, यावर ते अवलंबून असते. म्हणून या लेखात आपण आधी ताट पाहू, मग दूधदुभते पाहू आणि डब्याकडे शेवटी जाऊ.

स्नायू कशाने वाढतात?

स्नायूंवर नेहमीपेक्षा अधिक भार पडला की त्यांच्या तंतूंवर ताण येतो. पुढच्या एक-दोन दिवसांत शरीर त्यांची डागडुजी करते आणि ते पूर्वीपेक्षा किंचित जाड व बळकट करते. या डागडुजीचा कच्चा माल म्हणजे आहारातील प्रथिने. वाढीचा आदेश मात्र व्यायाम देतो. आदेशच नसेल तर जादा प्रथिनांचे शरीर स्नायू बनवीत नाही. ती जाळून ऊर्जा मिळवते आणि एकूण खाणेच गरजेपेक्षा अधिक असेल, तर ते अखेर चरबीच्या रूपाने साठते.

आपल्या तालमींना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. तेथे 'मेहनत' आणि 'खुराक' हे दोन शब्द जोडीनेच उच्चारले जात. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव याच मातीतले. दूध, बदाम आणि तूप या पैलवानी खुराकाकडे आजच्या हिशेबाने पाहिले, तर दोन-अडीच लिटर दुधातूनच सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिने मिळत होती. तुपात प्रथिने जवळजवळ नसतात. ते शेकडो जोर-बैठकांसाठी लागणारी ऊर्जा पुरवीत असे. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला, की त्याच पैलवानाचे पोट सुटते, हेही आपण पाहिलेले आहे. डब्यालाही हाच नियम लागू पडतो.

गरज किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुचविल्याप्रमाणे प्रौढ व्यक्तीने रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. ६५ किलोच्या पुरुषासाठी हा आकडा ५४ ग्रॅम, तर ५५ किलोच्या स्त्रीसाठी सुमारे ४६ ग्रॅम होतो. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ५५ ग्रॅमच्या आसपास आणि त्याच वयाच्या मुलीला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात. ही सर्वसाधारण गरज झाली.

जो नियमाने वजने उचलतो, कुस्ती-कबड्डीचा सराव करतो, त्याची गरज वाढते. त्याच्यासाठी दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम हे माप व्यवहारात पुरेसे आहे. याच संस्थांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही असे नमूद केले आहे, की १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढविल्याने व्यायामाच्या लाभात आणखी भर पडत नाही. प्रथिनांची भुकटी नियमितपणे घेऊ नये, असाही सल्ला त्या सूचनांत आहे. साठ किलोच्या तरुणाची कमाल गरज अशा रीतीने ९६ ग्रॅमवर थांबते. व्यायामशाळेत ऐकू येणारे 'किलोमागे तीन ग्रॅम' हे माप त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

एका दिवसाचे ताट

आता अशाच एका साठ किलो वजनाच्या, शाकाहारी तरुणाचे ताट मोजू. आकडे अंदाजी आहेत आणि धान्य-डाळींचे वजन कोरडे धरले आहे.

सकाळचा व दुपारचा चहा, त्यातील दूध मिळून : ३ ग्रॅम. शेंगदाणे घातलेले बशीभर पोहे : ८ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, पातळ वरण, भाजी आणि भात : २० ग्रॅम. संध्याकाळी चिवडा किंवा बिस्किटे : ३ ग्रॅम. रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या, पिठले आणि थोडा भात : १९ ग्रॅम. एकूण ५३ ग्रॅम.

सर्वसाधारण गरज भागली. व्यायामासाठी मात्र २० ते ४० ग्रॅमची तूट उरली. या ताटात आणखी एक उणीव आहे. त्यातील बहुतेक प्रथिने पोळी, भाकरी आणि भात यांतून आलेली आहेत. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळी, कडधान्ये आणि दूध यांत ते भरपूर असल्यामुळे हे पदार्थ धान्याच्या जोडीला आले की प्रथिनांचा कस वाढतो. वरण दाट झाले आणि भाकरीसोबत वाटीभर दही आले, एवढ्यानेही फरक पडतो.

ही तूट अशी भरून काढता येते : पेलाभर (२५० मिलि) दूध ८ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९ ग्रॅम, वाटीभर मटकीची उसळ ७ ग्रॅम, मूठभर (३० ग्रॅम) फुटाणे ६ ग्रॅम, वाटीभर दही ५ ग्रॅम. ही बेरीज ३५ ग्रॅम होते. दिवसाचा आकडा ८८ वर जातो, म्हणजे किलोमागे जवळजवळ दीड ग्रॅम. डबा अजून उघडलेलाही नाही. अंडी खाणाऱ्या घरात दोन अंड्यांतून १२-१३ ग्रॅम आणि मांसाहारी घरात १०० ग्रॅम कोंबडी वा मासळीतून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. तेथे काम आणखी सोपे होते.

ही प्रथिने दिवसभरात विभागून घ्यावीत. आपल्या घरांत सर्वांत दुबळे खाणे न्याहारीचे असते. पोह्यांच्या बशीशेजारी दुधाचा पेला किंवा मोडाच्या कडधान्याची वाटी ठेवणे, ही सुधारणेची पहिली पायरी समजावी.

दूधदुभते : काय मोजावे, काय नाही

गाईच्या १०० मिलि दुधात साधारण सव्वातीन ग्रॅम आणि म्हशीच्या दुधात पावणेचार ते चार ग्रॅम प्रथिने असतात. साय काढल्याने स्निग्धांश जातो, प्रथिने तशीच राहतात. उकळल्यानेही ती नष्ट होत नाहीत. म्हणून ज्याला वजन आटोक्यात ठेवून स्नायू वाढवायचे आहेत, त्याने साय काढलेले दूध घ्यावे. ज्याचे वजनच कमी आहे, त्याने सायीसकट घ्यावे.

दह्याचे मोल दुधाएवढेच. ताकाचे मोल त्यात किती पाणी घातले यावर ठरते. पातळ ताकाचा पेला उन्हाळ्यात उत्तम, पण प्रथिनांच्या हिशेबात तो फारसा मोजू नये. पनीरमध्ये १०० ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात, मात्र जवळपास तेवढाच स्निग्धांशही येतो. घरी दही टांगून केलेला चक्का हा आपल्याकडचा दुर्लक्षित पदार्थ आहे. त्यात मीठ, जिरेपूड आणि काकडी घालून तो पोळीसोबत खाता येतो. त्यातच साखर घोटून केलेल्या श्रीखंडाची गोष्ट निराळी. बाजारच्या श्रीखंडात १०० ग्रॅममागे ४० ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते. सणाला ते आनंदाने खावे, व्यायामाचा आहार म्हणून खाऊ नये. लोणी, तूप आणि मलई यांत प्रथिने नगण्य असतात. फळांच्या स्वादाचे दही आणि बाटलीतील सुगंधी दूध घेताना साखरेचा आकडा आधी वाचावा. पनीर सुटे घेत असाल तर ते दुधाचेच आहे ना, याची खात्री करावी. वनस्पती तेल घालून केलेले 'अ‍ॅनालॉग' दिसायला पनीरसारखेच असते.

दूध प्यायल्यावर ज्यांना गुबारा धरतो किंवा जुलाब होतात, त्यांना बहुधा दुधातील लॅक्टोज ही साखर पचत नसते. अशांना दही, चक्का आणि पनीर बरेचदा सोसते. दुधातील प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी असणे हा वेगळा विकार आहे. त्यात दूधही नको आणि दुधापासून केलेली भुकटीही नको.

एक सावधगिरीची सूचना. म्हशीच्या धारेखालचे धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापुराकडची रीत मला मनापासून आवडते, पण डॉक्टर म्हणून ती सुचविता येत नाही. न तापविलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे रोग येऊ शकतात. दूध उकळूनच प्यावे.

डब्यात असते तरी काय?

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असते आणि २० टक्के व्हे. दूध फाडून पनीर केले की केसिन गोळ्यात राहते आणि व्हे हिरवट पाण्यात उतरते. या पाण्यातील प्रथिने १०० मिलिमागे एक ग्रॅमही भरत नाहीत. ते कणकेत जरूर घालावे. पण त्यातून २५ ग्रॅम प्रथिने मिळवायची तर सुमारे तीन लिटर पाणी प्यावे लागेल. चीजच्या कारखान्यांत हेच पाणी प्रचंड प्रमाणात उरते. ते गाळून, आटवून, वाळवून जी भुकटी करतात, तीच डब्यातील 'व्हे प्रोटीन'. म्हणजे ती दुधाचाच एक भाग आहे. तिच्यात जादू नाही आणि मुळात विषही नाही.

तिचे दोन प्रकार विशेष आढळतात. 'कॉन्सन्ट्रेट'मध्ये साधारण ७० ते ८० टक्के प्रथिने आणि थोडे लॅक्टोज असते. 'आयसोलेट'मध्ये ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, लॅक्टोज अत्यल्प असते आणि किंमत अधिक असते. ज्याला दूध पचते, त्याला आयसोलेटसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. व्हे लवकर पचते आणि केसिन सावकाश, हे खरे. पण दिवसाची बेरीज पुरी होत असेल, तर या फरकाने हाती फारसे काही लागत नाही.

पैशांचा हिशेबही करून पाहावा. २५ ग्रॅम प्रथिनांना किती रुपये पडतात, हे एकच माप सर्व पदार्थांना लावावे. समजा, एक किलोचा डबा २,५०० रुपयांना आहे आणि त्यात ७५ टक्के प्रथिने आहेत. तर २५ ग्रॅमना सुमारे ८३ रुपये पडतील. दूध ६० रुपये लिटर धरले तर ४५ ते ४८ रुपये, पनीर ४०० रुपये किलो धरले तर सुमारे ५५ रुपये, चार अंडी सात रुपयांप्रमाणे २८ रुपये, फुटाणे १६० रुपये किलो धरले तर २० रुपये आणि सोयाबीनच्या वड्या १५० रुपये किलो धरल्या तर सात-आठ रुपये. भाव गावोगावी बदलतील, क्रम बहुधा हाच राहील. साय काढलेल्या दुधाची साधी भुकटी, म्हणजे 'स्किम्ड मिल्क पावडर', हीदेखील प्रथिनांचीच भुकटी आहे. तिच्यात १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. दूध पचणाऱ्याने रोजच्या दुधात तिचे दोन चमचे घातले, तरी प्रथिनांत चांगली भर पडते.

डबा घ्यायचाच असेल तर

काही जणांना भुकटीचा खरा उपयोग होतो. दिवसातून दोन वेळा सराव करणारा शाकाहारी खेळाडू, ताटावर बसायला वेळच न मिळणारी व्यक्ती, आजारपणानंतर अन्नावरची वासना गेलेला रुग्ण, दातांअभावी चावू न शकणारी वृद्ध व्यक्ती, ही त्याची उदाहरणे. अशा वेळी तूट भरण्यापुरते एक माप, म्हणजे २० ते २५ ग्रॅम प्रथिने, जेवणाच्या जोडीला घ्यावीत. खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, दर १०० ग्रॅममागे प्रथिने किती ते पाहावे. 'एका मापात' दिलेला आकडा फसवा असू शकतो, कारण मापाचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. 'मास गेनर' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन हे स्वस्त पिष्ट असते आणि प्रथिने थोडी.

दुसरी गोष्ट, घटकपदार्थांची यादी वाचावी. जो पदार्थ सर्वांत अधिक, तो यादीत पहिला असतो. पहिले नाव साखरेचे किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचे असेल तर डबा परत ठेवावा. ग्लायसिन, टॉरिन अशी सुटी अमिनो द्रव्ये घातली असतील, तर अधिक सावध व्हावे. प्रयोगशाळेत प्रथिने बहुधा त्यांतील नायट्रोजनवरून मोजतात. स्वस्त नायट्रोजनयुक्त द्रव्य मिसळले की कागदावर प्रथिने वाढलेली दिसतात. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळले गेले, ते याच युक्तीने; सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली.

तिसरी गोष्ट, एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, अभंग सील आणि माल परदेशी असल्यास आयातदाराचे नाव व पत्ता तपासावा. सुटी भुकटी, कोणीतरी 'भरून दिलेली' पिशवी किंवा निम्म्या किमतीत मिळणारा परदेशी डबा कधीही घेऊ नये. 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये भारतीय बाजारातील ३६ लोकप्रिय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ७० टक्के उत्पादनांवर प्रथिनांची माहिती चुकीची होती आणि १४ टक्क्यांच्या आसपास उत्पादनांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीपासून होणारे, यकृताला घातक विष आढळले. म्हणजे परवाना क्रमांक ही किमान अट आहे, पुरती हमी नव्हे. उत्पादनाच्या बॅचची स्वतंत्र प्रयोगशाळेतील तपासणी उपलब्ध असेल, तर तेच उत्पादन निवडावे. मूल स्पर्धांमध्ये खेळत असेल तर हे अधिकच आवश्यक, कारण उत्तेजक द्रव्य डब्यातून नकळत पोटात गेले, तरी त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते.

मूत्रपिंडांचे काय?

ज्यांची मूत्रपिंडे निरोगी आहेत, त्यांना वर सांगितलेल्या मर्यादेतील प्रथिनांनी इजा होते, असा पुरावा नाही. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, त्यांना मात्र जादा प्रथिनांचा भार सोसत नाही. अडचण अशी, की हा दुबळेपणा बराच काळ कोणतेही लक्षण दाखवीत नाही. म्हणून मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी, ज्यांच्या घराण्यात मूत्रपिंडांचा विकार आहे त्यांनी, तसेच मूतखडा, गाऊट किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी भुकटी सुरू करण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जो 'क्रिएटीन' नावाचे पूरक घेतो, त्याने ते तपासणीपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावे; त्याने क्रिएटिनिनचा आकडा मूत्रपिंडांना इजा न होताही वाढलेला दिसू शकतो.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती दूध किंवा व्हे यांच्यासोबत घेऊ नये. कॅल्शियममुळे तिचे शोषण घटते. सवय नसताना एकदम जबर व्यायाम केल्यावर लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी गडद झाली आणि अंग असह्य दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्नायू फुटून त्यांतील द्रव्य मूत्रपिंडांत अडकल्याची ती खूण असू शकते.

डब्याआडून येणारी औषधे

खरे भय व्हेचे नाही. व्हेपाठोपाठ जे येते, त्याचे आहे. 'पावडरने होत नाही, कोर्स कर,' असे मुलाला सुचविले जाते, आणि हा कोर्स बहुधा अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडच्या गोळ्यांचा वा इंजेक्शनांचा असतो. चेहऱ्या-पाठीवर अचानक उठलेली दाट मुरुमे, पुरुषाच्या छातीत गाठ वा फुगवटा, चिडखोरपणा, थोड्या आठवड्यांत झालेली अविश्वसनीय वाढ ही त्याची लक्षणे. पुढे वृषणे आक्रसतात, शुक्रजंतू घटतात आणि यकृत व हृदय यांवर परिणाम होतो. मेफेंटरमिन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्याचे इंजेक्शनही व्यायामाची रग वाढविण्यासाठी टोचून घेतले जाते. त्याने हृदयाची लय बिघडू शकते. मुरुमे तारुण्यात सहजही येतात, काहींना व्हेमुळेही वाढतात. म्हणून एका लक्षणावरून आरोप करू नये. मुलाशी शांतपणे बोलावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. रागावलेल्या घरात मुले सिरिंज लपवतात, आणि उपचाराला उशीर होतो.

घरात गरज कोणाची अधिक?

मुलाच्या दंडाची चिंता करताना त्याच घरातील आजीकडे कोणाचे लक्ष जात नाही. साठीनंतर स्नायू आपोआप झिजू लागतात, आणि नेमके याच वयात ताट आक्रसते : सकाळी चहा-खारी, दुपारी वरणभात, रात्री दूधभात किंवा नुसता चहा-टोस्ट. पंचावन्न किलो वजनाच्या आजीच्या पोटात अशाने ३०-३५ ग्रॅम प्रथिने जातात. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम लागतात. खुर्चीतून हात न टेकता उठता येत नसेल, बरणीचे झाकण उघडेनासे झाले असेल, चाल मंदावली असेल, तर ते 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. ही झीज पुढे पडण्याचे आणि खुब्याचे हाड मोडण्याचे कारण होते.

मूत्रपिंडे ठीक असतील तर आजीला दोन वेळा दूध, दाट वरण, मऊ पनीर किंवा चक्का, आणि खात असतील तर अंडे द्यावे; दुधात वर सांगितलेली साधी दूधभुकटी मिसळावी. आणि व्यायाम येथेही हवाच. खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे हीच त्यांची बैठक. पडण्याची भीती असेल, तर ती कोणीतरी जवळ उभे राहून करवून घ्यावी.

तेव्हा पुढचा डबा विकत घेण्यापूर्वी चार दिवस घरातील प्रत्येकाने काय खाल्ले ते एका वहीत लिहावे आणि या लेखातील आकडे समोर ठेवून बेरीज करावी. ज्याला जितकी तूट, तितकी आधी डाळ-कडधान्यांनी आणि दूधदुभत्याने भरावी. एवढे करूनही तूट उरली, तर त्या तुटीपुरती भुकटी, नीट पारखून आणावी. बहुतेक घरांत ही वही मुलाच्या पानापेक्षा आजीच्या पानावर अधिक मोठी तूट दाखवील. तसे दिसले, तर डब्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून आधी आजीसाठी रोजचे अर्धा लिटर दूध वाढवून घ्यावे.